फरशीआधी पाणी साठवून पाहिले

बाथरूमचे नूतनीकरण होऊन दोन महिने होतात न होतात तोच शेजारच्या खोलीच्या भिंतीला गुडघ्यापर्यंत ओल चढली आणि रंगाचे पोपडे सुटू लागले. आधी मी भिंतच पुन्हा रंगवून घेतली, हा शुद्ध वेडेपणा होता. शेवटी फरशी उखडली, तेव्हा नहाणी ट्रॅप (फरशीवरचे पाणी ज्यातून निचरते ते जाळीखालचे भांडे) आणि स्लॅब यांच्यामधली फट नुसत्या सिमेंटने बुजवलेली दिसली. ती खरवडून न आकसणाऱ्या ग्राउटने भरली, जलरोधक लेपाचे दोन हात दिले आणि तो लेप भिंतीवर फूटभर वर नेला. ट्रॅपचे तोंड बंद करून ४८ तास पाणी साठवले, पातळीवर पेन्सिलीने खूण केली आणि खालच्या घराचे छत कोरडे असल्याची खात्री झाल्यावरच, कारागिरांची घाई न जुमानता, फरशी बसवू दिली. भिंत वाळायला मात्र आणखी काही आठवडे लागले. तोवर तिला रंग लावला नाही.