‘डार्क शॅडोज’ पाहायची कशी : कुठून शिरायचं, काय गाळायचं

‘डार्क शॅडोज’ ही भुताखेतांची अमेरिकी दैनंदिन मालिका. एकूण भाग 1,225. एबीसी वाहिनीवर 27 जून 1966 ते 2 एप्रिल 1971, सोमवार ते शुक्रवार, रोज दुपारी. जाहिराती वगळून एक भाग साधारण 22 मिनिटांचा, म्हणजे सगळी मालिका पाहायला साडेचारशे तासांच्या आसपास लागतात. पहिल्या भागापासून निष्ठेनं बसलेला प्रेक्षक बहुधा अध्येमध्ये गळतो, कारण ज्या रक्तपिपासू पिशाच्चासाठी तो आलेला असतो ते 210व्या भागापर्यंत शवपेटीतच पडून आहे. तेव्हा सुरुवात 210पासून करा.

इथे पहिली गफलत होते. डीव्हीडीचा ‘कलेक्शन 1’ हा संच भाग 1पासून नाही, 210पासून सुरू होतो. त्याआधीचे 209 भाग ‘द बिगिनिंग’ या नावाने वेगळे आले आहेत. आपण कुठे आहोत ते पडद्यावरच ओळखता येतं. कॉलिन्स घराण्याकडे शिक्षिका म्हणून येणारी व्हिक्टोरिया विंटर्स रात्रीच्या गाडीने कॉलिन्सपोर्ट गावाला निघाली असेल, तर तो भाग 1. विली लूमिस दागिन्यांच्या लोभाने कॉलिन्स घराण्याच्या दफनघरात घुसत असेल, तर तो 210. शेवटी साखळदंड निघतात, झाकण उचललं जातं आणि आतून आलेला हात थेट विलीचा गळा धरतो. हेच ते पिशाच्च, बार्नबस कॉलिन्स; त्याचा चेहरा मात्र दिसत नाही. पुढच्या भागात तो घराण्याच्या वाड्याच्या, कॉलिनवुडच्या, दारात सभ्य पाहुण्यासारखा उभा राहतो. तेव्हा त्याच्या बोटातली अंगठी आणि लांडग्याच्या मुठीची काठी नीट पाहा आणि मग प्रवेशदालनातलं पूर्वजाचं तैलचित्र पाहा.

बसायचा हिशेब असा ठेवा. रंगीत भाग 295पासून सुरू होतात. तिथून पुढे 5 किंवा 0ने संपणारा भाग शुक्रवारचा. मध्येच एखाद्या दिवशी प्रक्षेपण रद्द झालं की निर्माते एक क्रमांक गाळून गाडी पुन्हा रुळावर आणायचे, म्हणून शेवटचा क्रमांक 1245 असला तरी भाग 1,225च. शुक्रवारी धक्का आणि मधल्या दिवसांत संथ बोलणं, ही त्या काळच्या लेखनाची घडी. त्यामुळे पाच-पाचच्या गठ्ठ्यांत पाहा, आणि थांबायचं असेल तर शुक्रवारच्या एक भाग आधी थांबा. शुक्रवारच्या धक्क्यावर थांबलात तर आणखी पाच पाहिल्याशिवाय झोप यायची नाही. प्रत्येक भागाच्या आरंभी आदल्या भागाचा शेवट पुन्हा दिसतो. तो बहुतेक वेळा नव्याने खेळलेला असतो. पुढे ढकलायचा मोह आवरा, त्याच प्रसंगाची बोलण्याची तऱ्हा कधी कधी मजेदार बदललेली असते.

210 ते 365 हा टप्पा गाळू नका. गावातल्या मॅगी इव्हान्सचं अपहरण, बार्नबसच्या छोट्या बहिणीचं, सॅराचं भूत, 265व्या भागात आलेली डॉ. ज्युलिया हॉफमन, हे सगळं पुढच्या ट्रॅकचं भांडवल आहे. एका वादळी रात्री बार्नबस व्हिक्टोरिया आणि घरातल्या कॅरोलिनला आपल्या जुन्या प्रेयसीच्या, जोसेटच्या मरणाची गोष्ट सांगतो, ती लक्ष देऊन ऐका. तीच गोष्ट पुढे डोळ्यांसमोर घडणार आहे.

कारण मग गोष्ट मागे 1795 सालात जाते. 365व्या भागात प्रेतात्म्याला बोलावण्याची बैठक बसते, दिवे जातात, आणि उजेड येतो तेव्हा व्हिक्टोरियाच्या खुर्चीत भलतीच मुलगी बसलेली असते. 366 ते 461, साधारण पस्तीस तास. संपूर्ण मालिकेत एकच ट्रॅक पाहायचा असेल तर हाच. ‘रात्रीस खेळ चाले’च्या दुसऱ्या पर्वात मागे जाऊन अण्णा नाईक आणि शेवंता जिवंत पाहताना जी गोडी होती, तिची जात हीच: शेवट ठाऊक असूनही पात्रांना ओरडून सावध करावंसं वाटतं. चेटकीण अँजेलिक बार्नबसला शाप का देते, हे पाहिल्यावर आधीचे दीडशे भाग उलटे वाचले जातात. रेव्हरंड ट्रॅस्कचा चेटकिणींचा शोध सुरू झाला की वेग वाढतो. आधी सांगितलेल्या तारखा मात्र जुळत नाहीत. 1967मध्ये जोसेटचा काळ 1830च्या दशकातला होता, लेखकांनी तो सरळ मागे ढकलला. त्यावर डोकं खपवू नका.

खरा गोंधळ होतो चेहऱ्यांचा. नटसंच तोच राहतो, पात्रं बदलतात. एक कागद जवळ ठेवा आणि नटाच्या नावासमोर काळ लिहा. ग्रेसन हॉल : ज्युलिया, 1795मध्ये नाताली, 1897मध्ये माग्दा. जोन बेनेट : एलिझाबेथ, नेओमी, ज्युडिथ. लुई एडमंड्स : रॉजर, जोशुआ, एडवर्ड. थेयर डेव्हिडचं नाव लिहायला तर अर्धं पान सोडा.

462पासून लागतो खडबडीत रस्ता. काळ्या केसांची कॅसँड्रा झालेली अँजेलिक स्वप्नशाप आणते. एकाला स्वप्न पडतं, ते दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्याची सुटका नाही, आणि मग तेच स्वप्न त्या दुसऱ्याला. तीच दारं, त्याच ओळी, प्रत्येक वेळी थोडी भर. पहिली दोन स्वप्नं पूर्ण पाहा, नंतरची पुढे ढकला. पण भागच्या भाग उडवू नका, कारण मांत्रिक निकोलस ब्लेअर याच काळात येतो आणि त्याचं गोड बोलून गळा कापणं चुकवण्यासारखं नाही.

639 ते 700 हे 1897चं प्रवेशद्वार. वेळ नसेल तर निदान शेवटचे वीस भाग तरी पाहा. पश्चिमेकडच्या बंद खोलीत ग्रामोफोनवर एक वॉल्ट्झ वाजतो आणि घरातली दोन मुलं हळूहळू ताब्यात जातात. भूत म्हणून डेव्हिड सेल्बीचा क्वेंटिन नुसता बघत उभा राहतो. 701मध्ये गोष्ट 1897 सालात जाते आणि तोच जिवंत, वाचाळ आणि निर्लज्ज होऊन समोर येतो. ही उडी आधीचे भाग न पाहता घेतली तर अर्धी चव जाते. 1897 सुमारे 180 भाग चालतं : आजीचं गुपित, लांडगामाणसाचा शाप, काउंट पेटोफीचा तुटलेला हात, क्वेंटिनचं तैलचित्र. पसारा मोठा, पण फारसा सैल नाही.

मध्येच रंग उडून चित्र काळं-पांढरं झालं तर टीव्ही ठोकू नका. काही रंगीत भागांची मूळ टेप उरली नाही, पडद्यावरून चित्रित केलेली कृष्णधवल प्रतच शिल्लक आहे. चौकटीत उतरणारा माईक, हलणारी भिंत, नाकावर बसलेली माशी हेही सोबतीला आहे. टेपवर कापाकापी महागडी, म्हणून भाग नाटकासारखा सलग खेळला जायचा. बार्नबस झालेल्या जोनाथन फ्रिडची नजर ऐन संवादात बाजूला घसरली की समजा, तो पुढची ओळ वाचतोय.

885नंतरचा लेव्हायथनांचा, म्हणजे एका प्राचीन राक्षसी जमातीचा ट्रॅक चवीचा भाग आहे. थंड डोक्याने हुकूम सोडणारा बार्नबस अनेकांना रुचत नाही, पण दाराआडून नुसता श्वास ऐकवून राक्षस उभा करण्याची हातोटी पाहण्यासारखी. समांतर काळाच्या, म्हणजे त्याच माणसांची आयुष्यं वेगळी असलेल्या जगाच्या ट्रॅकमध्ये बार्नबस बराच वेळ शवपेटीत जखडलेला असतो, कारण फ्रिड आणि बरीच मंडळी तेव्हा मालिकेवरच्या चित्रपटाच्या चित्रीकरणात होती. हा भाग चाळला तरी चालेल. 1061 ते 1070 मात्र सोडू नका : फक्त दहा भाग, 1995 साल, आणि ओसाड पडलेलं कॉलिनवुड. 1840 सालचा ट्रॅक त्याच धाग्यातून निघतो. शेवटच्या टप्प्यात 1219व्या भागाची टेपच हरवलेली आहे, तिथे आवाजावरून बेतलेली प्रत मिळते.

सुरुवातीचे 209 भाग? ते 1897च्या आधी घ्या, आणि सगळे नाही, 123 ते 191. घरातला छोटा मुलगा डेव्हिड, त्याची आई लॉरा आगीशी नातं सांगत घरी परतते, तो मालिकेतला पहिला पुरता अमानवी ट्रॅक. 1897मध्ये लॉरा पुन्हा दारात उभी राहते, आणि चुलीजवळ बसून ज्वाळांकडे ती तशी का पाहते, हे ओळखीचं झालेलं असतं.