ब्लूज आणि कंट्री एकत्र वाजवताना या चुका टाळा : डिकी बेट्स यांच्या ‘हायवे कॉल’च्या निमित्ताने

ऑलमन ब्रदर्स बँड या अमेरिकी रॉक बँडची लोकप्रियता शिगेला पोहोचलेली असताना, १९७४ साली, त्या बँडचे गिटारवादक डिकी बेट्स यांनी ‘हायवे कॉल’ हा आपला पहिला स्वतंत्र अल्बम काढला आणि त्यावर नाव छापले ते रिचर्ड बेट्स असे. रॉकचा दणदणाट त्यात फारसा नाही. वॅसार क्लेमेंट्स यांचे फिडल, जॉन ह्यूई यांची पेडल स्टील (पायातल्या पेडलांनी स्वर चढवता येणारी आडवी गिटार) आणि चक लेव्हेल यांचा पियानो यांच्या सोबतीने बेट्स यांची गिटार मोकळेपणाने चालते. हा अल्बम ऐकून ब्लूज आणि कंट्री या दोन अमेरिकी संगीतप्रकारांचा मेळ घालू पाहणारे गिटारवादक साधारणपणे ठरावीक ठिकाणी अडतात, आणि त्यातली बहुतेक अडचण बोटांच्या वेगाची नसून स्वर निवडण्याची असते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे पाठ केलेल्या ब्लूजच्या तुकड्यांना कंट्रीचे तुकडे जोडणे. ब्लूजवर तयार झालेला हात मायनर पेंटाटॉनिक ही पाच स्वरांची मालिका सोडत नाही, आणि मेजर कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर) ती सतत वाजवली की गाणे उगाच उदास आणि कर्कश वाटते. यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय असा, की बोटांची तीच आकृती तीन फ्रेट (गिटारच्या मानेवरची घरे) खाली सरकवावी. जी पट्टीत असे केल्यास जी, ए, बी, डी, ई हे मेजर पेंटाटॉनिकचे स्वर मिळतात. जी हा षड्ज धरला तर हे भूपाचे सा, रे, ग, प, ध झाले, आणि आधी वाजत होते ते धानीचे स्वर होते. उपाय बरोबर आहे, पण अर्धवट, कारण आकृती सरकली तरी बोटांची विसाव्याची सवय सरकत नाही. पूर्वी जे बोट षड्जावर थांबत असे ते आता धैवतावर, म्हणजे ई स्वरावर, थांबते आणि प्रत्येक वाक्य अधांतरी राहते. म्हणून नव्या आकृतीत जी, बी आणि डी हे तीनच स्वर नेमके कुठे आहेत ते आधी शोधावेत आणि काही दिवस प्रत्येक वाक्य त्यांपैकी एकावरच संपवावे.

यानंतर कॉर्डकडे लक्ष द्यावे लागते. जी कॉर्डवर बी फ्लॅटवरून (म्हणजे कोमल बी वरून) घसरत बी स्वरावर येणे शोभते, मात्र बी फ्लॅटवरच मुक्काम केला की कंट्रीचा रंग उडतो. तोच बी फ्लॅट सी कॉर्ड आल्यावर निर्धास्त वाजवावा, कारण तेथे तो त्या कॉर्डचा कोमल सातवा स्वर होऊन ब्लूजची चव देतो. डी कॉर्डवर एफ शार्प (तीव्र एफ) हवा आणि तो पाच स्वरांच्या चौकटीत नाही (भूपात निषाद नसतो, हे येथे आठवावे), त्यामुळे तेवढ्यापुरते चौकटीबाहेर पडण्याची तयारी ठेवावी. ब्लूज कुठे आणि कंट्री कुठे, हे वादकाच्या लहरीपेक्षा साथीला चालू असलेली कॉर्ड ठरवते, असे माझे मत आहे.

दुसरी चूक तार खेचण्यातली आहे. पेडल स्टीलमध्ये एक स्वर चढत असताना बाकीचे स्वर स्थिर राहतात, आणि गिटारवर तोच परिणाम साधण्यासाठी दुसऱ्या तारेचा दहावा फ्रेट खेचून ए स्वर बी पर्यंत न्यावा लागतो, तर पहिल्या तारेचा दहावा फ्रेट, म्हणजे डी, करंगळीने धरून ठेवावा लागतो. ब्लूजमध्ये स्वर किंचित कमी चढला तरी तो भाव म्हणून खपतो; येथे शेजारी स्थिर स्वर वाजत असल्याने खोट लगेच उघडी पडते. आधी दुसऱ्या तारेचा बारावा फ्रेट वाजवून बी ऐकावा, मग खेचलेला स्वर त्याच्याशी ताडून पाहावा, आणि स्वर पोहोचल्याबरोबर रुंद कंप देण्याचा मोह आवरावा. इतके करूनही धरलेला डी उतरत असेल, तर दोष बोटांचा नसून बहुधा तरंगत्या ब्रिजचा (तारा अडकवण्याच्या, स्प्रिंगवर हलणाऱ्या पट्टीचा) असतो, कारण एक तार खेचल्यावर ताण वाढून ब्रिज पुढे झुकतो आणि उरलेल्या तारा ढिल्या पडतात. असा ब्रिज गिटारच्या अंगाला टेकवून बसवावा किंवा स्थिर ब्रिजची गिटार वापरावी.

असे वाजवण्यासाठी टेलिकास्टर या प्रकारचीच गिटार हवी, हा समज मात्र सोडावा. बेट्स ओळखले जातात ते लेस पॉल या दुसऱ्या प्रकारच्या गिटारसाठी. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजातला खरखरीतपणा, तेवढे कमी ठेवावे, कारण दोन तारा एकत्र वाजल्या की जास्त डिस्टॉर्शनमध्ये त्यांचा लगदा होतो.

लयीत होणारी गफलत वेगळीच असते. ताल सरळ चालला असताना ब्लूजच्या शफलची (झुलत्या लयीची) सवय झालेला हात झुलत वाजवतो आणि गिटार ड्रमच्या मागे पडत राहते. मेट्रोनोमचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरून सराव केल्यास हे लवकर लक्षात येते. दोन गिटारींची जुळी धून बसवतानाही दुसरी गिटार सरसकट चार फ्रेट वर ठेवू नये. जी वर बी जुळतो, परंतु त्याच हिशेबाने ए वर सी शार्प येतो आणि तो पट्टीबाहेरचा आहे. तेथे सी घ्यावा.

राहिला प्रश्न मांडणीचा. स्वतंत्र अल्बम म्हणजे सर्वत्र आपलीच गिटार, अशी समजूत असलेल्यांनी सुमारे १४ मिनिटांची ‘हँड पिक्ड’ ही वादनरचना लक्षपूर्वक ऐकावी, कारण तिच्यात इतर वाद्यांनाही भरपूर वाव मिळाला आहे. फिडल वाजत असताना गिटारने त्याच उंचीच्या स्वरांत घोटाळू नये, खालच्या तारांवर हलके कॉर्ड धरावेत, आणि ध्वनिमुद्रण ऐकताना तरीही गर्दी जाणवली तर आवाज कमी करत बसण्यापेक्षा गिटारचा तेवढा भाग सरळ काढून टाकावा.