मोठं विमान, रिकामी सीट आणि अपग्रेडची आशा: या चुका टाळा

चार-पाच तासांच्या देशांतर्गत प्रवासाला मोठं विमान मिळतंय म्हटलं की लोक डोळे झाकून तिकीट काढतात. पहिली चूक इथेच होते. बोइंग ७८७ ची केबिन जवळपास साडेपाच मीटर रुंद आहे खरी, पण बहुतेक कंपन्या इकॉनॉमीत ३-३-३ अशा नऊ सीट बसवतात आणि माणशी जेमतेम १७ इंच उरतात. साध्या, छोट्या एअरबस ए३२० मध्ये सहसा १८ इंच मिळतात. शेजारी धिप्पाड असला की त्या एका इंचाची किंमत कळते. ७८७ चा फायदा वेगळा आहे: आतला दाब ६,००० फुटांवरच्या हवेइतका असतो, जुन्या विमानांत तो ८,००० फुटांपर्यंतचा. हवाही कमी कोरडी, त्यामुळे उतरताना थकवा कमी जाणवतो.

दोघं असाल तर २-४-२ रचनेचं ए३३० शोधा. खिडकीकडच्या दोन्ही सीट तुमच्या, तिसरा कोणी नाही.

पिच म्हणजे एका सीटपासून पुढच्या रांगेतल्या सीटपर्यंतचं अंतर, पाय ठेवायची जागा नव्हे. त्यात सीटच्या पाठीची जाडीही मोजलेली असते.

अपग्रेडच्या, म्हणजे इकॉनॉमीच्या तिकिटावर पुढची वरच्या वर्गाची सीट मिळण्याच्या बाबतीत तर भाबडेपणाच जास्त. सीट मॅपवर पुढे आठ जागा रिकाम्या दिसल्या म्हणजे त्या विकायच्या राहिल्यात असं नाही; तिकीट घेऊन सीट न निवडलेलेही असतात. उरलेल्या जागांसाठी आधी कंपनीच्या नेहमीच्या प्रवाशांच्या योजनेतले वरच्या दर्जाचे सदस्य, मग साधारणपणे महागडं भाडं भरलेले, मग विनंतीची वेळ. मोठ्या विमानात पुढच्या सीट जास्त, पण ते ज्या गर्दीच्या मार्गांवर धावतं तिथे असे सदस्यही ढीगभर. सोमवारी सकाळी आशाच सोडा, शनिवारी दुपारी बघा. एकाच पीएनआरवर दोघं असाल आणि जागा एकच सुटली, तर काही कंपन्या तुम्हाला वगळून पुढे जातात. पीएनआर वेगळा करून घेता येतो; मात्र फ्लाइट रद्द झाली तर दोघांची सोय वेगवेगळी लागू शकते, हे धरून चाला.

सीट निवडून झाली की विसरू नका. आदल्या दिवशी विमान बदललं का ते पाहा. बदललं असेल तर तुमची एक्झिट रो (आपत्कालीन दाराजवळची रांग) त्याच क्रमांकावर असेलच असं नाही. पंखावर दोन एक्झिट रो असतील तर मागची घ्या, पुढचीची पाठ बहुधा मागे जात नाही. आणि पैसे भरून अपग्रेड घेण्याआधी पुढे काय आहे ते तपासा: छोट्या विमानात ती बहुतेक वेळा २-२ रचनेतली रुंद रिक्लायनर असते, झोपायचा सपाट बेड नव्हे.