बोरेगो स्प्रिंग्ज ते बॉम्बे बीच : वाळवंटातील रस्त्याकडेच्या कलाकृती एका दिवसात कशा पाहाव्यात

दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात रस्त्याच्या कडेला, तिकिटाशिवाय पाहता येणाऱ्या कलाकृती विखुरलेल्या आहेत. सॅन डिएगोहून पहाटे निघाल्यास त्यांतील महत्त्वाच्या एका दिवसात पाहून होतात. या प्रवासाला जीपच हवी, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे ऐकू नये. साधी सेडान पुरते. मात्र डांबर कुठे संपते आणि त्यापुढची जमीन कशी आहे, हे चालकाला ओळखता आले पाहिजे. नोव्हेंबर ते मार्च हाच योग्य काळ आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा हा बेत करूच नये. फोनला अनेक ठिकाणी रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवावा.

रामोना आणि रांचिटामार्गे एस-२२ रस्त्याचा घाट उतरून बोरेगो स्प्रिंग्जला पोहोचावे आणि तिथे इंधनाची टाकी भरून घ्यावी. गावाच्या उत्तरेला व दक्षिणेला, बोरेगो स्प्रिंग्ज रोडच्या दोन्ही बाजूंना, शिल्पकार रिकार्डो ब्रेसेडा यांनी पत्र्यातून घडवलेली शंभराहून अधिक शिल्पे उभी आहेत. जमिनीचे मालक डेनिस ॲव्हरी यांनी ती घडवून घेतली आणि आपली जमीन लोकांसाठी खुली ठेवली. एकेकाळी याच भागात वावरणारे, आज फक्त जीवाश्मांतून उरलेले महाकाय प्राणी त्यांत आहेत. सर्वांत भव्य आहे तो सुमारे ३५० फुटी सर्प. त्याची वेटोळी रस्त्याच्या एका बाजूला वाळूत शिरतात आणि दुसऱ्या बाजूला वर येतात. सकाळच्या तिरप्या उन्हात पत्र्यावरचा प्रत्येक खवला वेगळा दिसतो, म्हणून दुपारची वाट पाहू नये.

शिल्पांपर्यंत जाणाऱ्या वाटा वाळूच्या आहेत आणि या प्रवासातला खरा अवघड भाग हाच आहे. मलाही तो शिकायला वेळ लागला. गाडी भाड्याची असेल, तर ती डांबराच्या कडेलाच उभी करून चालत जावे. कच्च्या रस्त्यावर झालेले नुकसान भाड्याच्या करारात बहुधा धरले जात नाही, आणि बरीचशी शिल्पे पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर आहेत. स्वतःची गाडी आत न्यायचीच असेल, तर आधी खाली उतरून वाट पायाने तपासावी. टाच दाबल्यावर ती सहज आत जात असेल, तर तिथे चाकही जाईल.

वाळूत शिरण्यापूर्वी टायरमधली हवा २० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचे एकक) आसपास आणावी. हवा कमी झाली की टायर पसरतो, वजन अधिक जागेवर विभागले जाते आणि चाक खोल जात नाही. १५ च्या खाली मात्र जाऊ नये, कारण वळताना टायर रिमवरून निसटू शकतो. हवा परत भरण्यासाठी छोटा कॉम्प्रेसर सोबत नसेल, तर हवा काढूच नये. कमी हवेवर डांबरी रस्त्याने वेगात जाणे धोक्याचे आहे. वाळूत एकसारख्या, मध्यम गतीने जावे, तीव्र वळण घेऊ नये आणि थांबायचे असल्यास ब्रेक न दाबता गाडी आपोआप थांबू द्यावी, कारण ब्रेक दाबला की चाकापुढे वाळूचा ढीग साचतो.

चाक जागच्या जागी फिरू लागले की ‘जोरात ॲक्सिलरेटर दाबा’ हा सल्ला हमखास मिळतो. याहून वाईट सल्ला मला ठाऊक नाही. प्रत्येक फेऱ्यागणिक चाक स्वतःचा खड्डा खोल करते आणि शेवटी गाडीचे पोट वाळूवर टेकते. अशा वेळी लगेच थांबावे, चाकांभोवतीची वाळू फावड्याने दूर करावी, हवा आणखी थोडी काढावी आणि ज्या चाकोरीतून आलो तिच्यातूनच सावकाश मागे यावे.

एस-२२ वरून पूर्वेला सॉल्टन सिटीला उतरल्यावर ८६ क्रमांकाच्या रस्त्याने दक्षिणेकडून सॉल्टन सरोवराला वळसा घालून नायलंडला जावे. गावापासून तीनेक मैलांवर लिओनार्ड नाइट यांनी माती, गवत आणि रंग यांतून उभारलेली साल्वेशन माउंटन ही रंगीत टेकडी आहे. सिमेंट आणि वाळूची त्यांची पहिली टेकडी १९८९ मध्ये कोसळली. ते तिथेच राहिले आणि स्थानिक मातीने सारे पुन्हा उभारले. टेकडीवर पिवळ्या रंगाच्या वाटेवरूनच चढावे. पलीकडच्या स्लॅब सिटी या अनौपचारिक वस्तीत माणसे राहतात. विचारल्याशिवाय कुणाचेही छायाचित्र घेऊ नये.

तिथून १११ क्रमांकाच्या रस्त्याने उत्तरेला बॉम्बे बीच लागते. समुद्रसपाटीपासून २२३ फूट खाली असलेल्या या वस्तीत आणि तिच्या किनाऱ्यावर कलावंतांनी केलेली कामे हवापाण्यासमोर उघडी उभी आहेत. १९०५ ते १९०७ या काळात कोलोरॅडो नदीचे पाणी कालवा फोडून या खोलगट भागात साचले आणि सॉल्टन सरोवर तयार झाले. आता ते आटत चालले आहे, आणि दुसरा धोका त्यातूनच आला आहे. मागे हटलेल्या पाण्याच्या जागी मिठाचा पांढरा, कडक दिसणारा थर दुधावरच्या सायीसारखा असतो आणि त्याखाली काळा ओला चिखल असतो. येथे टाचेची परीक्षा फसवते: माणसाचे वजन पेलणारा थर गाडीखाली फुटतो आणि हवा कमी करण्याचा उपायही कामी येत नाही. म्हणून गाडी वस्तीभोवतीच्या बांधाच्या आतच, डांबरावर ठेवावी. बाहेर कितीही चाकोऱ्या दिसल्या तरी त्यांवर विसंबू नये. पायी जातानाही पाण्याच्या अगदी कडेला जाऊ नये. वारा जोरात असेल, तर किनाऱ्यावर थांबूच नये. कोरड्या तळाची धूळ फुप्फुसांना घातक आहे.

नायलंडच्या उत्तरेला याच रस्त्यावर सीमा गस्ती दलाची चौकी आहे. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या प्रत्येकाने मूळ कागदपत्रे जवळ ठेवावीत. फोनमधील छायाचित्रावर भिस्त ठेवू नये. पुढे मेक्का गावातून बॉक्स कॅन्यन रोडच्या डांबरी रस्त्याने महामार्ग १० गाठता येतो. पाऊस पडून गेला असेल, तर तो बंद असू शकतो. अशा वेळी मेक्काहून सरळ इंडिओकडे जावे.