‘अ‍ॅडव्हाइज’ : सल्ला कधी, सूचना कधी आणि समज कधी

ऑफिसच्या मेलखाली ‘काइंडली अ‍ॅडव्हाइज’ असतं तेव्हा लिहिणारा बहुधा सल्ला मागत नसतो. काय ठरलं ते कळवा, एवढंच त्याला म्हणायचं असतं. बिलाचे पैसे जमा झाल्यावर येणारी ‘पेमेंट अ‍ॅडव्हाइस’ हीसुद्धा पैसे भरल्याची सूचना असते, त्यात सल्ला कसलाच नसतो. कोशात या शब्दापुढे ‘सल्ला देणे’ हा अर्थ पहिला दिसतो आणि पुष्कळ जण तिथेच थांबतात. मग वाचताना घोळ होतो आणि भाषांतर करताना त्याहून मोठा.

एका शब्दात हे दोन अर्थ कसे आले, ते मुळाकडे गेलं की कळतं. लॅटिनमध्ये ‘विसुम’ म्हणजे पाहिलेलं, दिसलेलं. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘मला जे दिसतं ते’, म्हणजे माझं मत, या अर्थाचा शब्द झाला आणि तो इंग्रजीत आला. दिसलं ते सांगितलं की कळवणं झालं; त्यावरून काय करावं हे सांगितलं की सल्ला झाला. आपला ‘सल्ला’ दुसऱ्या घरातला. तो अरबी ‘सलाह’वरून फारसीमार्गे आला आणि त्याच्या मुळाशी भलेपणा, हित हा अर्थ आहे. म्हणून नुसतं कळवण्यासाठी मराठीत ‘सल्ला’ चालत नाही.

वाचताना अर्थ ओळखायचा तर क्रियापदाच्या पुढे काय आलंय ते पाहा. ‘टू’ आणि क्रियापद आलं तर सल्ला: ‘शी अ‍ॅडव्हाइज्ड मी टू वेट’, म्हणजे थांब असं तिने सुचवलं. ‘ऑफ’ आणि एखादी घडलेली किंवा घडणारी गोष्ट आली तर कळवणं: ‘दे अ‍ॅडव्हाइज्ड अस ऑफ द डिले’, उशीर होणार हे त्यांनी कळवलं. ‘दॅट’ आलं तर जरा थांबून पुढचं वाचा. पुढे ‘शुड’ असेल तर सल्ला, नुसती माहिती असेल तर कळवणं. ‘प्लीज बी अ‍ॅडव्हाइज्ड दॅट’ याला मराठी सरकारी पत्रातलं ‘आपणास कळविण्यात येते की’ अगदी चपखल बसतं.

बँकेच्या कामात ही चूक महागात पडू शकते. निर्यातदाराकडे पतपत्र (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेली कागदपत्रं दिली की पैसे देऊ अशी आयातदाराच्या बँकेची लेखी हमी) येतं ते ‘अ‍ॅडव्हायजिंग बँके’मार्फत. तिला ‘सल्लागार बँक’ म्हटलं की ती सल्ला देते किंवा पैशांची हमी घेते असा समज होतो. प्रत्यक्षात ती पतपत्र वरकरणी अस्सल आहे हे तपासून ते आल्याचं कळवते. पैसे देण्याची जबाबदारी तिच्यावर नसते. तशी जबाबदारी घेणाऱ्या बँकेला ‘कन्फर्मिंग बँक’ म्हणतात. मराठीत ‘पतपत्र कळवणारी बँक’ लिहावं, लांब झालं तरी चालेल.

आता लिहिताना. नामाच्या शेवटी ‘सीई’, उच्चार ‘स’चा: अ‍ॅडव्हाइस. क्रियापदाच्या शेवटी ‘एसई’, उच्चार ‘आवाज’मधल्या ‘ज’सारखा, ‘जेवण’मधल्या ‘ज’सारखा नाही. नामाच्या पोटात ‘आइस’ म्हणजे बर्फ आहे आणि बर्फ ही वस्तू, म्हणून ते नाम, असं लक्षात ठेवलं की पुन्हा चुकत नाही. उच्चार ‘झ’कडे झुकतो म्हणून कुणी क्रियापदात ‘झेड’ घालतात. ते अमेरिकन इंग्रजीतही चुकीचं आहे. बोलताना पहिला स्वर ‘अ‍ॅ’ नसून हलका ‘अ’ आहे आणि जोर ‘व्हाइ’वर येतो.

मराठी माणसाची सगळ्यात नेहमीची चूक ‘अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस’ किंवा ‘मेनी अ‍ॅडव्हायसेस’. आपल्याकडे एक सल्ला, दोन सल्ले असे मोजता येतात, म्हणून हे तोंडात येतं. इंग्रजीत हे नाम पाण्यासारखं, न मोजता येणारं. मोजायचंच असेल तर ‘अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस’, नाहीतर ‘सम अ‍ॅडव्हाइस’. बँकेच्या आणि व्यापाराच्या सूचनापत्रांना मात्र ‘अ‍ॅडव्हायसेस’ हे अनेकवचन बरोबर आहे. दुसरी चूक ‘अ‍ॅडव्हाइज्ड टू मी’. ‘मला’मधला ‘ला’ इथे आडवा येतो. क्रियापदानंतर माणूस थेट येतो, मध्ये काही नको.

नकाराची जागाही सांभाळा. ‘अ‍ॅडव्हाइज्ड मी नॉट टू गो’ म्हणजे जाऊ नको असा सल्ला दिला. ‘डिड नॉट अ‍ॅडव्हाइज मी टू गो’ म्हणजे जा असं सांगितलं नाही, बस. पहिल्यात मनाई आहे, दुसऱ्यात नाही. मनाईसाठी ‘अगेन्स्ट’ वापरलं तर शंकाच उरत नाही: ‘अ‍ॅडव्हाइज्ड मी अगेन्स्ट गोइंग’.

कायद्यात तर सल्ल्याचं वजनच बदलतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद 74 च्या इंग्रजी पाठात क्रियापद आणि नाम दोन्ही आहेत: मंत्रिमंडळ राष्ट्रपतींना साहाय्य करील व सल्ला देईल, आणि राष्ट्रपती त्या सल्ल्यानुसार वागतील. हे वागणं बंधनकारक असल्याचं 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने स्पष्ट लिहिलं. 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने एकदा फेरविचाराला पाठवण्याची मुभा दिली. इथे ‘सल्ला’ म्हणजे ऐच्छिक, असं समजून वाचणारा फसतो.

समानार्थी शब्द निवडताना कोशातली यादी उतरवू नका. कोण कुणाला किती जोराने सांगतंय, ते बघा. ‘तंबाखू सोड’ हे एकच वाक्य घ्या. मित्र सहज म्हणाला, सोडून बघ की, तर ‘सजेस्ट’. डॉक्टरांनी तपासून सांगितलं तर ‘अ‍ॅडव्हाइज’. त्यांनी एखादं व्यसनमुक्ती केंद्र सुचवलं तर ‘रेकमेंड’, शिफारस. समुपदेशकाने वेळ देऊन, समजावून सांगितलं तर ‘काउन्सेल’. आई गळ घालते ते इंग्रजी ‘अर्ज’ (urge), मराठीतला अर्ज नव्हे. सभेत वक्ता तळमळीने आवाहन करतो ते ‘एग्झॉर्ट’. हा शब्द घरगुती बोलण्यात घातला तर कृत्रिम वाटतो. नाहीतर कॅन्सर होईल असं बजावलं तर ‘वॉर्न’. आणि शाळेच्या आवारात पुडीसकट सापडल्यावर मुख्याध्यापक कानउघाडणी करतात ते ‘अ‍ॅडमॉनिश’. त्यात पुढे असं करू नकोस हा उपदेश आहे, पण बहुधा आधी चूक घडलेली असते.

‘सजेस्ट’चं व्याकरण मात्र वेगळं. ‘ही सजेस्टेड मी टू गो’ चूक. ‘ही सजेस्टेड दॅट आय गो’ बरोबर.

‘कन्सल्ट’ या यादीत घालूच नये. त्याची दिशा उलटी आहे: पेशंट डॉक्टरांना ‘कन्सल्ट’ करतो, म्हणजे सल्ला घेतो, आणि डॉक्टर ‘अ‍ॅडव्हाइज’ करतात. ‘काउन्सेल’ आणि ‘काउन्सिल’ कानाला जवळजवळ सारखे लागतात, पण पहिला सल्ला किंवा वकील, दुसरी परिषद. बार काउन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा ही परिषद; तिथे नोंदणी होऊन कोर्टात आपली बाजू मांडणारा तो काउन्सेल.

भाषांतर करणाऱ्यांनी दोन शब्द वेगळे जपावेत. ‘इल-अ‍ॅडव्हाइज्ड’ हे बहुतेक वेळा कृतीचं विशेषण असतं, अर्थ अविचारी. वाईट सल्ला कुणी दिलेला असलाच पाहिजे असं नाही. आणि ‘अ‍ॅडव्हायजेडली’ म्हणजे ‘सल्ल्यानुसार’ नव्हे. ‘मी हा शब्द विचारपूर्वक वापरतोय’ असं जिथे म्हणायचं, तिथे तो येतो.