फ्री जॅझचा लांब अल्बम कसा ऐकावा

फ्री जॅझ म्हणजे ठरलेल्या चौकटीबाहेर, सुचेल तसं वाजवलेलं जॅझ. अमेरिकन सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनचा ‘फ्री जॅझ’ याच नावाचा अल्बम मी पहिल्यांदा लावला तो कोल्हापुरात रंकाळ्यावर फिरताना, फोनच्या स्पीकरवर. चार मिनिटांत बंद केला. नुसता कालवा वाटला. पुढं हेडफोनवर ऐकला तेव्हा त्याची मांडणी कळली, आणि आता हा अल्बम मला फार जवळचा आहे.

२१ डिसेंबर १९६० ला न्यूयॉर्कमध्ये आठ वादकांनी सुमारे ३७ मिनिटं सलग वाजवलं. ते १९६१ साली रेकॉर्डवर आलं. हे आठजण म्हणजे चौघाचौघांचे दोन संच, एक डाव्या बाजूला, एक उजव्या. म्हणून दोन्ही कान नीट चालणारा हेडफोन हवाच. फोनच्या सेटिंगमधलं ‘मोनो ऑडिओ’ बंद ठेवा, नाहीतर सगळी वाद्यं एकाच जागी गोळा होतात.

एकदम ३७ मिनिटं झेपणार नसतील तर त्याच दिवसाचं सुमारे १७ मिनिटांचं ‘फर्स्ट टेक’ आधी ऐका.

मग मोठं वादन तीनदा ऐका, वेगवेगळ्या दिवशी. पहिल्यांदा फक्त डावा कान: कोलमनचा सॅक्सोफोन, डॉन चेरीचा छोटा ट्रम्पेट, स्कॉट लाफारोचा बास (खालच्या सुरांचं मोठं तंतुवाद्य), बिली हिगिन्सचे ड्रम. दुसऱ्यांदा उजवा: एरिक डॉल्फीचा बास क्लॅरिनेट, फ्रेडी हबार्डचा ट्रम्पेट, चार्ली हेडनचा बास, एड ब्लॅकवेलचे ड्रम. तिसऱ्यांदा दोन्ही. विसर्जनाला महाद्वार रोडवर एकीकडून हलगी-घुमकं-कैताळ आणि दुसरीकडून ढोल-ताशा येतो, तरी आपल्या तालमीचं, म्हणजे मंडळाचं, वाजप आपण बरोबर ओळखतो की नाही? तोच कान इथं लावायचा.

सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, मात्र शोधू नका. अल्लादिया खाँसाहेबांच्या गायकीवर पोसलेल्या या गावात मान आपोआप समेची वाट बघते. मलाही हे सोडायला बरेच दिवस लागले. इथं खुणा वेगळ्या आहेत. मधून मधून फुंकवाद्यं एकत्र येऊन एखादा छोटा, आधी ठरवलेला तुकडा वाजवतात आणि त्यातून पुढचा वादक एकटा पुढं येतो. बाकीचे मागून त्याला उत्तरं देत राहतात, कधी त्याच्यावर चढूनही वाजवतात. असा तुकडा आला की कागदावर वेळ टिपा. दुसऱ्या खेपेला हाच कागद वाटाड्या होतो.

शेवटाकडं फुंकवाद्यं गप्प होतात आणि दोन बास पुढं येतात. इथं दिवा मालवा, पंखाही बंद करा, कारण आवाज एकदम लहान होतो. उजवीकडं हेडन खालच्या स्वरांत पाय रोवून उभा असतो, तर डावीकडं लाफारोची बोटं वरच्या स्वरांत भराभर धावतात. तार सुटल्यावरची तिची थरथरसुद्धा ऐकू येते. एवढा भाग मी कितीदा तरी मागं नेऊन ऐकलाय. त्यानंतर ड्रमवाल्यांची पाळी.