कायनेज इन्हिबिटरने परिणाम तर दिसला, पण कोणामुळे? या चुका टाळा

लॅब मीटिंगमध्ये हमखास ऐकू येणारं वाक्य: "एच-८९ टाकलं, परिणाम गेला, म्हणजे यात पीकेएचा हात आहे." एच-८९ हे पीकेए या कायनेजचा इन्हिबिटर, म्हणजे त्याला रोखणारं रसायन, म्हणून विकलं जातं; आणि कायनेज म्हणजे एटीपी या ऊर्जा देणाऱ्या रेणूतलं फॉस्फेट प्रथिनांवर चढवणारं एन्झाइम. पहिली दोन विधानं खरी असतील, पण तिसरं त्यातून निघत नाही. माणसाच्या जीनोममध्ये ५१८ कायनेज मोजले गेले (ही यादी २००२ची), आणि जवळपास सगळ्यांना एटीपी बसायला सारखीच खाच असते. आपण वापरतो ते बहुतेक इन्हिबिटर त्याच खाचेत जाऊन बसतात. त्यामुळे एक इन्हिबिटर एकाच कायनेजला धरेल, ही अपेक्षाच मुळात जरा जास्त आहे.

लेबल वाचून निष्कर्ष काढणे

स्कॉटलंडमधल्या डंडी इथे फिलिप कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोजच्या वापरातले इन्हिबिटर घेतले आणि प्रत्येक इन्हिबिटर कायनेजच्या अख्ख्या संचावर तपासला. हे काम २००० साली 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये आलं. त्यात एच-८९चा आयसी५० (कायनेजचं काम निम्म्यावर आणायला लागणारं प्रमाण; जितकं कमी, तितका जोर जास्त) पीकेएसाठी १३५ नॅनोमोलर निघाला, एमएसके१ आणि एस६के१ या दुसऱ्या कायनेजसाठी १२० आणि ८०. म्हणजे ज्याच्या नावाने ते विकलं जातं त्याच्यापेक्षा दुसऱ्याच कायनेजवर ते जास्त जोरात चालतं! आणि पेशींवर आपण टाकतो १० मायक्रोमोलर, म्हणजे १०,००० नॅनोमोलर.

रॉटलेरिनची कथा याहून वाईट. सह्याद्रीत शेंद्री नावाचं झाड आहे. त्याच्या फळांवरच्या लाल पुडीत हे रसायन असतं. १९९४ पासून ते 'पीकेसी-डेल्टाचा इन्हिबिटर' म्हणून खपलं. डंडीच्या चाचणीत त्याने पीकेसी-डेल्टाला रोखलंच नाही. पुढे दिसलं की ते मायटोकाँड्रियाचं कपलिंग (ज्या जोडणीवर तिथे एटीपी बनतं ती) तोडतं, त्यामुळे पेशीतलं एटीपीच उतरतं. एटीपी उतरल्यावर पेशीत काय वाट्टेल ते बंद पडू शकतं, त्याचं खापर पीकेसी-डेल्टावर कशाला? तरीही या नावावर निबंध येत राहिले. रेफरन्सला जुना निबंध सापडला की कुणी पुढचं वाचत नाही, असाच त्याचा अर्थ मला लागतो.

एलवाय२९४००२बद्दलही हेच. ते पीआय३केचा इन्हिबिटर म्हणून वापरतात, पण त्यासोबत एमटॉर आणि सीके२ या कायनेजनाही रोखतं. नव्या कामात ते वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कंपनीच्या माहितीपत्रकात 'सिलेक्टिव्ह' असं छापलेलं असतं. ते किती कायनेजवर तपासून छापलंय, हे आधी बघा. कुठल्या कामाला कुठलं रसायन धरावं, हे 'केमिकल प्रोब्ज पोर्टल'वर तज्ज्ञांच्या शेऱ्यासह फुकट मिळतं.

आयसी५० थेट पेशीला लावणे

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून आकडे मांडून बघू. एटीपीशी स्पर्धा करणाऱ्या इन्हिबिटरचा आयसी५० हा केआय गुणिले (१ + एटीपी भागिले केएम) इतका येतो. केआय म्हणजे इन्हिबिटरची मूळ पकड (आकडा कमी, तर पकड घट्ट), आणि केएम म्हणजे एन्झाइम निम्म्या वेगाने चालायला लागतं तेवढं एटीपी. समजा, तुमच्या इन्हिबिटरचा केआय १० नॅनोमोलर आणि कायनेजचा एटीपीसाठीचा केएम २० मायक्रोमोलर आहे. ट्यूबमध्ये एटीपी २० मायक्रोमोलर ठेवलं, तर आयसी५० येईल २० नॅनोमोलर. पेशीत एटीपी मिलिमोलरच्या घरात असतं. २ मिलिमोलर धरलं, तर तोच आयसी५० येतो १,०१० नॅनोमोलर. रसायन तेच, एन्झाइम तेच, फरक पन्नास पट.

म्हणून दोन निबंधांतले आयसी५० शेजारी ठेवण्याआधी एटीपी किती होतं ते पाहा. ते दिलेलंच नसेल, तर त्या आकड्याची तुलना करू नका. कमी केएम असलेल्या कायनेजवर पेशीत इन्हिबिटर जास्त मार खातो, त्यामुळे ट्यूबमधला निवडकपणाचा क्रम पेशीत उलटूही शकतो. आणि यात सीरममधली प्रथिनं रसायन धरून ठेवतात, ते धरलेलंच नाही.

इब्रुटिनिबसारखी रसायनं बीटीके या कायनेजच्या सिस्टीन ४८१ला (४८१व्या जागेवरच्या अमिनो आम्लाला) कायमची चिकटतात. तिथे आयसी५० वेळेबरोबर घसरत जातो. प्रीइन्क्युबेशन (रसायन आणि एन्झाइम आधी एकत्र ठेवणं) किती मिनिटं केलं हे न सांगता दिलेला आकडा कुचकामी.

बफर आणि बाटलीकडे दुर्लक्ष

एडविन क्रेब्ज आणि एडमंड फिशर यांनी १९५०च्या दशकात सिएटलमध्ये सशाच्या स्नायूतून फॉस्फोरिलेज हे ग्लायकोजेन तोडणारं एन्झाइम काढायला घेतलं. अर्क सेंट्रिफ्यूज करून स्वच्छ केला, तर त्याचं सक्रिय रूप मिळेना. जुन्या पद्धतीप्रमाणे फिल्टर पेपरमधून गाळला, तर मिळू लागलं. फरक पाडला होता कागदातून सुटणाऱ्या कॅल्शियमने: त्याने फॉस्फोरिलेज कायनेज चालू होत होतं. त्याच धाग्यातून प्रथिनांचं फॉस्फोरिलेशन हाती लागलं आणि १९९२चं नोबेल मिळालं. आपल्याकडे असा कागद सापडला की आपण बहुतेकदा 'एक्सपेरिमेंट फसला' असं लिहून मोकळे होतो.

एटीपीचं डायसोडियम मीठ पाण्यात विरघळवलं की द्रावण चांगलंच आम्लधर्मी होतं. पीएच सातच्या आसपास आणून, छोटे भाग करून गोठवा. रिॲक्शनमध्ये मॅग्नेशियम एटीपीपेक्षा जास्त हवं. एन्झाइमच्या बफरमधून मॅग्नेशियम धरून ठेवणारं ईडीटीए येत असेल तर तेही हिशेबात धरा.

इन्हिबिटर ज्यात विरघळवून ठेवतात ते डीएमएसओ हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात थंड बाटली फ्रीझरमधून काढून लगेच उघडली, तर दव आत जातं आणि पाण्यात न विरघळणारं रसायन खाली बसायला लागतं. बाटली खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. कंट्रोलमध्ये डीएमएसओ तेवढंच हवं, 'साधारण तेवढं' चालत नाही.

कुठलंही एन्झाइम पुढे करा, रसायन त्याला रोखतंच, असं दिसलं तर त्याचे गोळे होत असतील. चाचणीत ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट घालून पुन्हा करा. परिणाम विरला, तर ते इन्हिबिशन खरं नव्हतं.

फॉस्फो-ब्लॉट रिकामा, म्हणून इन्हिबिटर चालला

फॉस्फो-ब्लॉटमध्ये फॉस्फेट चढलेलं प्रथिन अँटिबॉडीने पट्टीच्या रूपात दिसतं. पण पेशी फोडल्यावर फॉस्फटेज ही एन्झाइम काही मिनिटांत फॉस्फेट उतरवतात, त्यामुळे रिकामा ब्लॉट हा इन्हिबिटरचा पुरावा नाही. फॉस्फटेजना रोखायला घालतात ते सोडियम ऑर्थोव्हॅनडेट पीएच १०ला आणून, पिवळटपणा जाईपर्यंत उकळून, थंड झाल्यावर पीएच परत बघावा लागतो. पिवळं द्रावण तसंच ओतणारे खूप आहेत. ईडीटीए किंवा डीटीटी असलेल्या बफरमध्ये व्हॅनडेट निकामी होतं, हे तर लक्षातच राहत नाही. ब्लॉकिंगला दूध पावडर नको. केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे. बीएसए (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन) घ्या.

उलटही होतं. एकेटी या कायनेजच्या एटीपी-खाचेत बसणारे काही इन्हिबिटर टाकल्यावर एकेटीचं स्वतःचं फॉस्फोरिलेशन वाढतं, कारण खाच भरलेली असताना ते फॉस्फेट निघायला तयार नसतं. बँड जाड झालेला, एन्झाइम मात्र बंद. म्हणून कायनेजवरचं फॉस्फेट बघून थांबू नका, त्याच्या सबस्ट्रेटवरचं, म्हणजे ज्या प्रथिनावर तो फॉस्फेट चढवतो त्याच्यावरचं बघा: पी३८ या कायनेजसाठी एमके२, एकेटीसाठी पीआरएएस४०. आरएएफ इन्हिबिटरचा घोळ वेगळाच. आरएएस जीन बदललेल्या (म्युटंट) पेशींत ते आरएएफच्या पुढचा ईआरके कायनेजचा मार्ग चक्क वाढवतात, म्हणून सेल लाइनचा जीनोटाइप माहीत नसताना ते वापरू नयेत.

औषध आणि अवजार एकच समजणे

इमॅटिनिब या कायनेज इन्हिबिटरला २००१ साली अमेरिकेत सीएमएल या रक्ताच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली, तिथे लक्ष्य बीसीआर-एबीएल हा कायनेज. ते केआयटी या दुसऱ्या कायनेजलाही रोखतं, म्हणून पुढे जठर-आतड्यांच्या जीआयएसटी गाठींवरही उपयोगी पडलं. रुग्णाच्या दृष्टीने हा फायदाच. पण तुमच्या पेशीत नेमकं कोण अडलं हे शोधायचं असेल, तर हाच गुण डोकेदुखी. मान्यताप्राप्त औषध आहे म्हणून ते निवडक असेल, असं नाही.

मग पीअर रिव्ह्यूत टिकेल असा पुरावा कोणता? रचनेने वेगवेगळे दोन इन्हिबिटर घ्या आणि दोन्हींनी तोच परिणाम येतोय का बघा. सबस्ट्रेटवरचं फॉस्फेट ज्या डोसला उतरतं, परिणामही त्याच डोसला दिसला पाहिजे. तो वीस पट जास्त डोसला दिसत असेल, तर कारण दुसरीकडे आहे. सर्वात पक्की चाचणी म्हणजे इन्हिबिटरला न जुमानणारा म्युटंट. पी३८च्या थ्रिओनिन १०६च्या जागी मेथिओनिन घातलं की एसबी २०३५८० हा पी३८चा इन्हिबिटर त्याला धरू शकत नाही. एबीएलमधली याच ठिकाणची जागा थ्रिओनिन ३१५. ती आयसोल्युसिन झाली की रुग्णात इमॅटिनिब चालेनासं होतं. असा म्युटंट पेशीत घालूनही एसबी २०३५८०चा परिणाम तसाच राहिला, तर पी३८ सोडा आणि सीके१, आरआयपीके२ या कायनेजकडे वळा, कारण तेच रसायन त्यांनाही रोखतं.